नदीपलीकडची सुईणशाळा

गोव्यात सुईणींना रीतसर शिकवण्याचा इतिहास सांगायचा तर सुरुवात पणजीपासून करावी लागते, आणि पहिली अडचणही तिथेच उभी राहते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पेडणे आणि डिचोली महालांतली बहुतेक बाळंतपणे घरीच झाली. ती करणाऱ्या बायांनी पणजीची वैद्यकशाळा पाहिलीही नव्हती. शिकवणारी संस्था होती आणि शिकण्याची गरज असलेल्या बायाही होत्या, पण दोघींची गाठ पडायला शंभराहून अधिक वर्षे लागली. याचे कारण बहुधा सुईणीच्या अडाणीपणात शोधले जाते. मला ते शाळेच्या मांडणीत दिसते.

पणजीतील वैद्यकशाळा, म्हणजे एस्कोला मेदिको-सिरुर्जिका, ५ नोव्हेंबर १८४२ रोजी सुरू झाली. त्याआधी १८०१ पासून इस्पितळाला जोडून वैद्यकाचा एक वर्ग चालत असे. नव्या शाळेचा नमुना पोर्तुगालचा होता. तिकडे १८३६ मध्ये लिस्बन आणि पोर्तू इथल्या वैद्यकशाळांची घडी नव्याने बसवली गेली, तेव्हा डॉक्टरांच्या मुख्य अभ्यासक्रमाला औषधविक्रेत्यांचा आणि सुईणींचा असे दोन छोटे अभ्यासक्रम जोडण्यात आले. गोव्यातल्या शाळेतही सुईणीचे शिक्षण याच रीतीने, मुख्य इमारतीच्या पडवीत बसवल्यासारखे आले. शिकायचे इस्पितळात, पोर्तुगीज भाषेत, लिहितावाचता येणाऱ्या बाईने, डॉक्टरच्या हाताखाली. यातली कोणतीही अट मुद्दाम कुणाला बाहेर ठेवण्यासाठी घातलेली नव्हती. तरी चारही अटी एकत्र आल्या की पेडण्याची सुईण आपोआप बाहेर पडत होती. पात्र ठरणाऱ्या बाया तिसवाडी, बार्देश आणि सासष्टीतल्या थोड्या ख्रिस्ती घरांत होत्या, आणि त्या घरांतही बाळंतपणाचा धंदा करणे कमीपणाचे मानले जाई.

पेडणे आणि डिचोली हे नव्या काबिजादींतले, म्हणजे अठराव्या शतकात पोर्तुगीजांच्या हाती आलेल्या मुलखातले, महाल. १७८१ ते १७८८ या काळात ते सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे कायमचे गेले. तोवर जुन्या काबिजादींत, म्हणजे तिसवाडी, बार्देश आणि सासष्टीत, पोर्तुगीजांना अडीचशे वर्षे झाली होती आणि धर्मांतराचा जोरही ओसरला होता. नव्या प्रजेच्या चालीरीतींना हात लावायचा नाही, हे धोरण ठरले आणि पुढे १८५३ मध्ये या चालीरीतींची संहिताही झाली. याची दुसरी बाजू जुन्या काबिजादींत दिसते. तिथे इन्क्विझिशनने १७३६ च्या फर्मानात ख्रिस्ती घरांतल्या अनेक जुन्या चालींवर बंदी घातली, त्यांत जन्मानंतरच्या सहाव्या रात्रीचे विधीही होते. शिवाय कॅथलिक जगात मरणाच्या दारातल्या अर्भकाला बाप्तिस्मा देण्याची मुभा सुईणीला असे, म्हणून ती बाई कोण, तिची श्रद्धा कसली, याची चौकशी चर्च करत आले होते. एकूण जुन्या काबिजादींत सत्ता बाळंतिणीच्या खोलीपर्यंत पोचली ती धर्माच्या वाटेने. नव्या काबिजादींत ती उंबऱ्याबाहेरच थांबली. त्यामुळे पेडण्याच्या घरात कुणाला सटीची पूजा सोडावी लागली नाही, पण कुणी स्वच्छ ब्लेडही आणून दिले नाही.

आता त्या खोलीत जाणारी बाई पाहू. गोव्यात तिला वयजीण म्हणतात. बाळंतपणाबरोबरच चोळणे, शेकणे, लहान मुलांची दुखणी आणि झाडपाल्याची औषधे हेही तिच्याकडेच. सासूकडून किंवा आईकडून पाहत पाहत ती शिकलेली असे. मोबदला म्हणजे तांदूळ, नारळ, एखादे लुगडे. कळा सुरू झाल्यापासून मूल आणि वार पडेपर्यंत ती जागची हलत नसे, आणि पुढे कित्येक दिवस बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला येई. बाळंतिणीला उकिडवे बसवून, वरून दोर किंवा आढ्याचा आधार देऊन कळा घ्यायला लावण्याची पद्धत देशभर होती. पोटावर हात ठेवून मूल कसे आहे हे ओळखणाऱ्या सुईणींचा लौकिक चार गावांत पसरे. त्यातल्या अनेकजणी खालच्या मानलेल्या जातींतल्या असत. नाळ कापणे आणि वार पुरणे या कामांना विटाळ चिकटलेला, म्हणून ज्या बाईच्या हाती घरातला सर्वांत नाजूक प्रसंग सोपवायचा, तिलाच सोयर संपल्यावर ओसरीच्या पायरीखाली उभे करायचे. या अपमानाचा शिक्षणाशी थेट संबंध आहे. ज्या कामाला प्रतिष्ठा नाही, ते शिकायला शिकलेल्या घरची मुलगी जाणार नाही, आणि जी ते करते तिला शाळेत घेतले जाणार नाही.

तिच्या हातून मरणेही होत. ते झाकण्यात अर्थ नाही. नाळ कापायला विळा, बांबूची कामटी, हाताशी येईल ते धारदार काही. नाळेवर राख किंवा त्याहून वाईट काही. त्यातून धनुर्वाताचे जंतू शिरत आणि तिसऱ्या दिवसापासून पंधरवड्याच्या आत बाळाचे तोंड मिटे, अंग ताठ होई, मग ते जाई. सटीची रात्र, म्हणजे सहावी रात्र, नेमकी याच दिवसांत येते. बाळाच्या जिवावर बेतणारी रात्र म्हणून ती जागवण्याची चाल पडली, तिच्यामागे कित्येक पिढ्यांनी डोळ्यांदेखत पाहिलेली मरणे असावीत असे मला वाटते. नवल म्हणजे याच परंपरेच्या जुन्या ग्रंथात स्वच्छतेची सूचना आहे: सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात बाळंतपणासाठी चार वयस्क, या कामात कुशल आणि नखे कापलेल्या स्त्रिया असाव्यात असे सांगितले आहे. संस्कृत पोथीतली ही नखे कापण्याची गोष्ट, ज्यांना पोथीला हात लावायची बंदी होती त्या बायांना कोण सांगणार?

मात्र सुईण अडाणी आणि इस्पितळ शहाणे, अशी सरळ वाटणी करणे इतिहासाला धरून नाही. पणजीची शाळा सुरू झाली तेव्हा युरोपातली मोठी प्रसूतिगृहेच सूतिकाज्वराने बाळंतिणींची स्मशाने झाली होती. व्हिएन्नाच्या सार्वजनिक इस्पितळात इग्नाझ सेमेलवाइस याने १८४७ मध्ये दाखवून दिले की शवविच्छेदन करून तसेच प्रसूतिकक्षात येणाऱ्या डॉक्टर-विद्यार्थ्यांच्या हातांनीच हा ज्वर पसरतो. शेजारच्या, सुईणी शिकत असलेल्या कक्षात मरणे बरीच कमी होती. क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावल्यावर डॉक्टरांच्या कक्षातली मरणेही झपाट्याने घटली, तरी त्याचे म्हणणे त्याच्या हयातीत फारसे मानले गेले नाही. शल्यविशारद जोसेफ लिस्टरने जंतुनाशक शस्त्रक्रियेची मांडणी केली ती १८६७ मध्ये. ती सर्वत्र रुळायला आणखी दशके लागली. एकोणिसाव्या शतकाच्या बहुतेक काळात पेडण्यातल्या मांद्र्याच्या एखाद्या बाईने इस्पितळात न जाता माहेरच्या माजघरात बाळंत होणे पसंत केले असेल, तर तो निर्णय मूर्खपणाचा होता असे कोणत्याही आकड्याने सिद्ध होणार नाही.

गावच्या सुईणीला शिकवण्याचा याहून वेगळा मार्ग तोवर जगाला ठाऊक झालेला होता. फ्रान्सच्या अँजेलिक द्यू कूद्रे हिने १७५९ मध्ये सुईणींसाठी पुस्तक काढले आणि राजाच्या परवान्याने पुढची दोन दशके ती प्रांतोप्रांती हिंडत राहिली. कापड, चामडे आणि कापूस भरून तिने गर्भाशय व बाळाची एक प्रतिकृती शिवली होती. बाळ आडवे असले तर हात कसा घालायचा, हे निरक्षर खेडूत बायांना त्या कापडी पोटावर ती स्वतः करून दाखवी. तिच्याकडून हजारो बाया शिकल्या. तिच्या पद्धतीत शिक्षिका विद्यार्थिनीच्या गावी जाते आणि शिकवणे हातांनी होते, अक्षर मध्ये येत नाही. पणजीच्या शाळेने लिस्बनचा नमुना उचलला, कूद्रेचा नव्हे. पेडणे-डिचोलीच्या बाळंतिणींसाठी ही निवड निर्णायक ठरली.

सीमेपलीकडच्या ब्रिटिश मुलखात प्रयत्न जास्त झाले आणि फसलेही जास्त. मद्रासच्या प्रसूतिगृहात १८५४ पासून सुईणींचे वर्ग सुरू झाले. अमृतसरला १८६० च्या दशकात दायांना शिकवायला सुरुवात झाली आणि १८८० पासून मिस ह्यूलेट या मिशनरी बाईने ते काम चिकाटीने पुढे नेले. धंद्यातल्या दायांनाच शिकवण्याचा हा हिंदुस्थानातला सर्वांत गाजलेला प्रयोग. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात १८६१ पासून मराठी आणि गुजराती माध्यमाचे वर्ग निघाले. तिथले अध्यापक डॉ. सखाराम अर्जुन यांनी वैद्यक मराठीत लिहिले. वैद्यक मराठीतून शिकता येते हे मुंबईत सिद्ध होत होते, त्याच काळात मराठी वाचणाऱ्या पेडण्याला पणजीत पोर्तुगीजखेरीज वाट नव्हती.

याच पेडण्याचा एक मुलगा या गोष्टीत आहे. मांद्र्यात जन्मलेले रामकृष्ण विठ्ठल लाड, म्हणजे डॉ. भाऊ दाजी, लहानपणीच मुंबईला गेले आणि १८५१ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून बाहेर पडले. त्याआधीच कच्छ-काठेवाडातल्या मुलींच्या बालहत्येवर त्यांनी लिहिलेल्या निबंधाला बक्षीस मिळाले होते. पेडण्याच्या बुद्धीला वैद्यकाची दारे उघडली ती मुंबईत. त्यांच्या गावच्या सुईणीला मात्र मुंबईही मिळाली नाही आणि पणजीही.

१८८५ मध्ये डफरिन फंड निघाला. त्यातून स्त्रियांसाठी इस्पितळे झाली आणि स्त्री-डॉक्टर व परिचारिका तयार होऊ लागल्या. गावच्या दाईसाठी म्हणून वेगळा पैसा उभा राहिला तो १९०३ मध्ये, लेडी कर्झनच्या पुढाकाराने निघालेल्या व्हिक्टोरिया स्मारक शिष्यवृत्ती निधीतून. त्या निधीने १९१८ मध्ये बाळंतपणाच्या स्थितीवर मोठा अहवाल छापला. ठिकठिकाणच्या स्त्री-डॉक्टरांची निवेदने त्यात आहेत आणि त्यांत एक सूर पुन्हा पुन्हा उमटतो: दाया येत नाहीत, आल्या तर टिकत नाहीत. न येण्याची कारणे उघड आहेत. वर्गात बसलेल्या दिवशी तिचे पोट कोण भरणार? अवघडलेली बाई बोलवायला आली तर वर्ग सोडून जायचे की नाही? आणि जिने तीस वर्षे बाळंतपणे केली तिला, स्वतः एकही मूल न झालेल्या परदेशी तरुणीने रागावून शिकवावे, हे तिने का सोसावे?

मराठी समाजातून याला उत्तर आले ते वेगळ्या दिशेने. १९०९ मध्ये रमाबाई रानडे आणि गो. कृ. देवधर यांनी उभ्या केलेल्या पुणे सेवासदनाने ससून इस्पितळाच्या मदतीने परिचारिका आणि सुईणी तयार केल्या, त्यांत वरच्या जातींतल्या विधवा होत्या. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी बाया कर्वे यांनीही नागपूरला जाऊन सुईणीचे शिक्षण घेतले होते. ब्राह्मण विधवेने बाळंतिणीचे रक्त धुणे ही त्या काळात मोठी गोष्ट होती आणि त्या बायांच्या धैर्याबद्दल मला नितांत आदर आहे. पण याचा दुसरा परिणामही नोंदवला पाहिजे: धंदा प्रतिष्ठित होऊ लागला तो नव्या बायांसाठी, जुन्या सुईणीसाठी नव्हे. मुंबई इलाख्यात १९३५ मध्ये परिचारिका आणि सुईणींच्या नोंदणीचा कायदा झाला, तेव्हा ही दरी कागदावर आली. मधल्या काळात, १९२७ मध्ये, अमेरिकन लेखिका कॅथरिन मेयोच्या ‘मदर इंडिया’ या पुस्तकाने दाईचे इतके भयानक चित्र रंगवले की पुढे कित्येक वर्षे सुशिक्षित हिंदी माणूसही बाळंतपणातल्या मरणांचे सगळे पाप तिच्याच पदरात टाकू लागला. पंडुरोग, कोवळ्या वयातली लग्ने, लागोपाठची बाळंतपणे, इस्पितळाकडे नेणाऱ्या रस्त्याचा अभाव, यांचा हिशेब बाजूला राहिला.

पेडण्याला ब्रिटिश हद्दीतले मिशन इस्पितळ पणजीइतकेच जवळ होते. तेरेखोल नदी ओलांडून आरोंदा, शिरोडा करत वेंगुर्ल्याला गेले की अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे इस्पितळ होते. डॉ. रॉबर्ट गोहीन तिथे अनेक वर्षे काम करत होते. उलट पणजीला जायचे तर आधी शापोरा नदी, मग सगळा बार्देश तालुका, मग मांडवीची तर. अडलेल्या बाईला माचुलीत घालून एवढे अंतर नेणे म्हणजे जिवाची पैज. डिचोलीहून होडी निघे, तीही भरती-ओहोटी पाहून. १९५५ नंतर भारताने गोव्याची नाकेबंदी केली आणि उत्तरेकडची वाटही जवळजवळ बंद पडली.

गोव्यात या काळात काहीच होत नव्हते असे नाही. मडगावचे होस्पिसियो इस्पितळ पाद्री मिरांडा यांनी १८६७ मध्ये उभारले होते. म्हापशाचे आझिलो इस्पितळ बार्देशबरोबर पेडण्याच्या लोकांचेही आधारस्थान बनले. पणजीच्या शाळेतून डिप्लोमा घेतलेल्या सुईणी शहरांत आणि मोठ्या गावांत काम करू लागल्या होत्या. १९१० च्या पोर्तुगीज प्रजासत्ताकाने हिंदूंना बरोबरीचे हक्क दिल्यावर शाळेतली हिंदू नावेही वाढली. तरीही शाळेचा ओढा कोणत्या दिशेला होता, हे क्रिस्तियाना बास्तोश या संशोधिकेच्या कामातून स्पष्ट होते. तिथून शिकलेले डॉक्टर पोर्तुगीज साम्राज्याच्या आफ्रिकेतल्या वसाहतींत, मोझांबिकला आणि अंगोलाला, दुय्यम जागांवर पाठवले जात. साम्राज्याला त्यांची गरज तिकडे होती. सत्तरीच्या सीमेवरच्या वाड्यात किंवा हळर्ण्याच्या डोंगराआड जाणारी सुईण तयार करणे हे कुणाच्याच कर्तव्यात बसत नव्हते. फातिमा दा सिल्व्हा ग्रासियास यांनी वसाहतकालीन गोव्याच्या आरोग्यावर १९९४ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या विषयाचा पाया म्हणून तो महत्त्वाचा आहे, पण नव्या काबिजादींतल्या बाळंतपणावर स्वतंत्र, मराठी-कोकणी बोलणाऱ्या घरांत बसून केलेले काम अजून व्हायचे आहे.

पारडे फिरले १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यानंतर, आणि ते फिरवणारे पहिले बळ वैद्यकाबाहेरचे होते. पणजीची जुनी शाळा १९६३ मध्ये गोवा मेडिकल कॉलेज झाली, हे खरे. पण त्याच वर्षी पेडण्याचे भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, याला सुईणीच्या इतिहासात मेडिकल कॉलेजाइतकेच वजन आहे. भारतात सहायक परिचारिका-प्रसाविकांचे प्रशिक्षण १९५१ पासून सुरू होते, पण त्यासाठी सात-आठ यत्ता शिकलेली मुलगी हवी. गावात शाळा नाही तर नर्स कुठून येणार? शाळा आल्या, दहा-पंधरा वर्षांत मुली शिकून बाहेर पडल्या, आणि उपकेंद्रावरची नर्सबाई ही कुणाच्या तरी ओळखीतली, आपली भाषा बोलणारी बाई झाली. पणजीच्या अभ्यासक्रमाच्या अटी १८४२ पासून जिथे अडत होत्या, ती गाठ इथे सुटली.

त्याच सुमारास, सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात, केंद्राने धंद्यातल्या दायांना शिकवण्याची योजना देशभर मोठ्या प्रमाणावर राबवली. तिची रचना आधीच्या शंभराहून अधिक वर्षांच्या चुकांवरून शिकलेली होती. प्रशिक्षण तीस कामाच्या दिवसांचे, आठवड्यातले दोन दिवस आरोग्य केंद्रात आणि उरलेले दिवस नर्सबाईबरोबर आपल्याच गावांत. तीनशे रुपये विद्यावेतन. नर्सबाईच्या देखरेखीखाली निदान दोन बाळंतपणे. शेवटी प्रमाणपत्र आणि साहित्याची पेटी. शिकवायचे काय, तेही थोडक्यात बसवलेले: हात स्वच्छ, बाळंतपणाची जागा स्वच्छ, ब्लेड स्वच्छ, नाळ बांधायचा दोरा स्वच्छ, आणि नाळेला काही लावायचे नाही. द्यू कूद्रेच्या कल्पनेशी हे सर्वांत जवळचे होते. गरोदर बाईला धनुर्वाताची लस आणि ही पाच पथ्ये, एवढ्यावर अर्भकांचा धनुर्वात हटत गेला. २०१५ मध्ये भारतातून माता आणि अर्भकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. त्यात साबण घेऊन बसलेल्या निरक्षर दायांचाही वाटा आहे आणि तो त्यांच्या नावावर मांडला गेला पाहिजे.

पण मातामृत्यू त्या प्रमाणात कमी झाले नाहीत. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव स्वच्छ हातांनी थांबत नाही. त्याला औषध लागते, रक्त लागते आणि तासाभरात पोचवणारे वाहन लागते. वाढलेला रक्तदाब आणि झटके यांचेही तेच. हे ध्यानात आल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने नव्वदच्या दशकात दायांच्या प्रशिक्षणावरचा भर काढून तो पूर्ण शिकलेल्या प्रसाविकेवर दिला. भारतानेही २००५ पासून जननी सुरक्षा योजनेद्वारे इस्पितळातल्या बाळंतपणाला पैसे देऊ केले. गोव्यासारख्या लहान प्रदेशात हा बदल आधीच झपाट्याने झाला होता. नद्यांवर पूल आले, रस्ते आले, आणि पेडणे, डिचोली, साखळी इथल्या केंद्रांतून म्हापशाला किंवा बांबोळीच्या मेडिकल कॉलेजला नेणे काही मिनिटांचे काम झाले. आज गोव्यात जवळजवळ प्रत्येक बाळंतपण इस्पितळात होते. जी सुईण शिकायला निघाली होती, तिची गरजच दोन पिढ्यांत संपली.

म्हणून प्रश्न संपला असे मात्र नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातल्या दर दहा बाळंतपणांपैकी जवळजवळ चार शस्त्रक्रियेने झालेली दिसतात. यातली सगळी अटळ होती असे मानणे कठीण आहे. दुसरीकडे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये दिलेल्या शिफारशी पाहा: कळा येत असताना आपल्या माणसाची सोबत, हिंडण्या-फिरण्याची मोकळीक, बाईला हवी ती बसण्याची रीत. वयजीण हे सगळे न सांगता करत होती. शाळेने तिच्याकडून हे शिकायचे राहून गेले, कारण शाळेच्या मांडणीत ती नेहमी शिकणारीच होती, सांगणारी कधीच नव्हती.

भारताने त्याच २०१८ मध्ये नवी वाट आखली आहे: परिचर्येचे शिक्षण घेतलेल्या मुलींना अठरा महिने खास प्रसाविकेचे शिक्षण द्यायचे आणि गुंतागुंत नसलेली बाळंतपणे त्यांच्या अधिकारात करू द्यायची. यातला अधिकार हा शब्द कळीचा आहे. १८३६ च्या लिस्बनपासून आजच्या प्रसूतिकक्षापर्यंत सुईणीला ज्ञान हप्त्याहप्त्याने मिळत गेले, निर्णय मात्र डॉक्टरच्या हातातच राहिला. गोव्यात अंतरे थोडी आहेत, मुली शिकलेल्या आहेत आणि मोठे इस्पितळ हाकेच्या टप्प्यात आहे. प्रसाविकेने चालवलेला कक्ष सुरू करायला याहून सोयीची जागा देशात क्वचितच असेल. तो तुये किंवा डिचोलीच्या सामुदायिक आरोग्य केंद्रात सुरू व्हावा, तिथले शिकवणे मराठी-कोकणीत व्हावे, आणि बाळंतपण साधे आहे की पुढे पाठवायचे, हे ठरवणारी सही प्रसाविकेची असावी.